सरावापुरती

तिला सगळे मावशी म्हणायचे. बाइंडिंगच्या दुकानाचा मालक, त्याची बायको, बांधलेली पुस्तकं न्यायला येणारी कॉलेजची पोरं. पुठ्ठे कापणारा कटरवाला तर वयाने तिच्याहून मोठा, तोही मावशीच म्हणायचा. "नातं लावलं की शिव्या कमी बसतात," असं त्याचं म्हणणं. बसायच्या त्या बसायच्याच. मावशीच्या तोंडाला दुकानात कुणी लागत नसे.

नवरा एकदा परगावी कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. सुरुवातीला लोक विचारायचे, कधी येणार? ती म्हणायची, "आला की आधी तुम्हालाच कळवते, माझ्यापेक्षा तुम्हालाच घाई दिसतेय." मग लोकांनी विचारणं सोडलं. एक मुलगी पदरात होती. तिला घेऊन ती या दुकानात शिरली आणि टाके घालायला शिकली.

टाके म्हणजे पुस्तकाचे. छापील पानं दुमडून एकात एक बसवायची, आरीने भोकं पाडायची आणि मेणातून काढलेल्या दोऱ्याने शिवायची. दोरा लांब घ्यावा लागतो. ओढताना उजवा हात खांद्यावरून पार मागे जातो, दिवसभर जातो. मावशीने शिवलेलं पुस्तक ओढून बघा, पान फाटेल, टाका सुटायचा नाही. रस्त्याच्या वरच्या अंगाला मेडिकल कॉलेज आणि त्याचा मोठा दवाखाना. तिथल्या मुलांचे प्रबंध याच दुकानात बांधले जायचे, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. आत काय लिहिलंय ते मावशीला वाचता यायचं नाही, ती भाषा तिची नव्हती. पण मुलगी दप्तर घेऊन शाळेत जायची तेव्हापासून ती कटरवाल्याला ऐकवायची, "एक दिवस माझ्या पोरीचं असंच माझ्या हाताखाली येणार. त्या दिवशी तू मशीन पुसून ठेव."

पोरगी खरंच डॉक्टरकीला लागली. मावशीने आनंदात कुणाला पेढे वाटले नाहीत की कुणापुढे मिरवलं नाही. फक्त दुकानातल्या शिव्या काही दिवस बंद होत्या, तेवढ्यावरून सगळ्यांनी ओळखलं.

त्या कॉलेजचा नियम असा, की प्रत्येकाने स्वतःचं एक संशोधन पुरं करायचं. विषय घ्यायचा, कमिटीची मंजुरी मिळवायची, माणसांना गाठून प्रश्न विचारायचे, लिहून काढायचं, बांधून द्यायचं. ते दिल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसू देत नाहीत. मुलीला तिच्या सरांनी विषय दिला: छातीत गाठ असलेल्या बायका दवाखान्यात उशिरा का येतात?

मुलगी हे घरी येऊन सांगत होती तेव्हा मावशी भांडी घासत होती. तिचा हात थांबला नाही. पण त्याच्या बरंच आधी, अंघोळ करताना, उजव्या काखेच्या खाली तिच्या बोटांना वाटाण्याएवढं काहीतरी लागलं होतं.

आणि ती दवाखान्यात गेलीही होती. हे इथेच सांगून ठेवायला हवं, कारण पुढे जो तो तिलाच जाब विचारणार आहे. त्या तपासणीचा वार एकच, मंगळवार. कागद काढायची खिडकी दुपारच्या आत बंद. दुकानात सकाळचा माल बांधून दिल्याशिवाय मालक सोडत नव्हता. ती धापा टाकत पोचली तेव्हा खिडकीतल्या माणसाने तिच्या तोंडावर फळी ओढली. "पुढच्या मंगळवारी." पुढच्या मंगळवारी तसंच. नंतर एकदा वेळेत पोचली तर डॉक्टर रजेवर. 'माझी मुलगी इथेच शिकते' एवढं म्हणाली असती तर कदाचित आत घेतलं असतं. पण ज्या रांगेत बाकीच्या बायका उभ्या होत्या ती मोडून पुढे घुसणं तिच्या जिवावर आलं. गर्व म्हणा हवं तर. तिच्याकडे दुसरं होतं काय?

मुलीची प्रश्नावली तयार झाली. खऱ्या पेशंटना विचारण्याआधी ती कुणावर तरी वाचून बघायची असते, भाषा कळते की नाही ते पाहायला. सुट्टीचा दिवस होता. मुलगी खाटेवर मांडी घालून बसली, मावशी समोर पाटावर बसून मेणाचा तुकडा दोऱ्याला घासत होती.

"आई, तू पेशंट हो."

"आणि तू?"

"मी डॉक्टर."

"मग नीट बोल. 'मावशी, बसा' म्हण."

"मावशी, बसा. गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली?"

"अंघोळ करताना."

"कधी, विचारलंय. कशी, नाही."

"थंडी सरत आली होती तेव्हा."

"दुखते का?"

"नाही. दुखली असती तर बरं झालं असतं, पळत सुटले असते."

मुलगी खाली मान घालून लिहिता लिहिता हसली. "नाटकात जायला हवी होतीस तू. बरं, दवाखान्यात यायला उशीर का झाला? एक, भीती वाटली. दोन, घरची जबाबदारी. तीन, घरच्यांनी येऊ दिलं नाही. चार, गंभीर वाटलं नाही."

"मी आले होते."

"अगं, 'आले होते' असं यात नाहीये."

"पण आले होते तर काय सांगू? खिडकी बंद झाली. तोंडावर."

पेन्सिल थांबली. मावशीच्या हातातला दोराही थांबला. आत्ता हिने मान वर केली तर सांगून टाकते, असं तिने मनाशी धरलं.

मुलीने मान वर केली नाही. पेन्सिलीचं टोक चावत ती कागदाकडे बघत बसली. "हे भारी आहे गं. खरंच असं होत असेल?"

"होत असेल."

"हे आमच्या सरांच्या डोक्यातच आलं नाही."

मावशी म्हणाली, "आणि हे माझं उत्तर कुठे जाणार?"

"कुठेच नाही. घरच्या माणसांना अभ्यासात धरत नाहीत. आणि सरावातली उत्तरं फेकूनच द्यायची असतात. तू फक्त सरावापुरती."

"बरं झालं बाई," मावशी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी मुलगी सरांकडे गेली. पाचवा पर्याय घालायचा म्हणाली: 'आले होते, परत पाठवलं.' सर म्हणाले, मंजूर झालेल्या प्रश्नावलीला हात लावायचा नाही. लावायचा तर पुन्हा कमिटीपुढे जा. आणि कमिटी काय रोज बसते? दुसऱ्या पोरांनी मुकाट्याने चार पर्यायांत भागवलं असतं. पण ही मावशीची पोरगी. गेली कमिटीपुढे. तिथे एकाने विचारलं, हे तुम्हाला सुचलं कुठून? ती म्हणाली, मला नाही, माझ्या आईला.

मग वाट बघणं आलं. परवानगी येईना. मावशी म्हणाली, "कशाला भांडत बसतेस? चारात भागव आणि मोकळी हो."

"तूच तर सांगितलंस."

"मी काय, मी काहीही बोलते."

"नाही आई. तो पर्याय राहून गेला तर सगळ्या बायकाच दोषी ठरतात."

आपल्याच तोंडातून निघालेल्या एका वाक्याने आपलाच रस्ता अडवलाय, हे तिला कळत होतं. पोरीचं काम झालं की सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. आणि काम तर पुढेच चाललं होतं. याला कुणी त्याग वगैरे म्हणू नये. त्याग म्हटलं की बाकीच्यांचे हात धुतले जातात. सांगितलं तर पोरगी सगळं टाकून आपल्यामागे धावेल, परीक्षा हुकेल, मागे पडलेली मुलगी मागेच राहते, हे एक होतं. पण नुसती भीतीही होती. आणि हट्ट होता. आणि नाही सांगितलं तर ते खरं ठरणार नाही अशी एक खुळी आशा. सगळं एकाच पिशवीत कोंबलेलं.

दुकानात कटरवाल्याच्या नजरेला आलं. "मावशी, आजकाल दोरा आखूड घेताय. सारखा जोड द्यावा लागतोय."

"तुझ्या जिभेपेक्षा लांब आहे."

"हात मागे जात नाही तुमचा."

"तुझी मान तरी जाते का मागे? वय झालं आपलं. काप तू पुठ्ठे."

त्याने कापले. पण त्या दिवसापासून जड गठ्ठे तो न विचारता उचलून ठेवायला लागला, आणि तिने त्याला शिवी दिली नाही. तेव्हाच त्याने काय ते ओळखलं असेल. बोलला मात्र नाही. नंतर त्या न बोलण्याचं त्याने फार वाईट वाटून घेतलं.

परवानगी आली. मुलगी दवाखान्याच्या बाकांवर बायकांशेजारी बसून प्रश्न विचारायला लागली. संध्याकाळी घरी येऊन जेवता जेवता सगळं सांगायची. "आई, आजही पाचवा! तिघीजणी म्हणाल्या, आलो होतो. एक तर लांबून चालत आली होती आणि खिडकी बंद." तिचे डोळे चमकायचे. तिचं म्हणणं खरं ठरत होतं ना. मावशी पुढ्यात ताट घेऊन ऐकायची. मधूनच एखादा प्रश्न सहज विचारल्यासारखा टाकायची.

"गाठ हलत नाही म्हणतात, म्हणजे काय गं?"

"बोटाखाली सरकली तर बरं असतं. सरकली नाही तर समज आत धरून बसलीय."

दुसऱ्या दिवशी अंघोळीला मावशीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. बाहेर आली तेव्हा मुलगी दाराशी उभी. "आई, काय करत होतीस एवढा वेळ? मला उशीर होतोय."

"झालं, झालं. जा."

सरकली नव्हती.

शेवटी प्रबंध लिहून झाला. मावशीने तो दुसऱ्या कुणाला शिवू दिला नाही. कटरवाल्याने खरंच मशीन पुसून ठेवलं. ती शिवायला बसली आणि दोन-तीन टाक्यांतच तिच्या कपाळावर घाम फुटला. तो म्हणाला, "मावशी, भोकं तुम्ही पाडा, दोरा मी ओढतो."

"हात लावलास तर बोटं कापून ठेवीन."

तिने सगळ्या प्रती स्वतः शिवल्या. डाव्या हाताने उजवा कोपर मागे ढकलत शिवल्या. सोनेरी अक्षरं कोरडी झाल्यावर मुलगी न्यायला आली, तेव्हा मावशीने एक प्रत तिच्यापुढे धरून म्हटलं, "ओढून बघ." मुलीने ओढलं. टाका हलला नाही.

प्रबंध दिला गेला. सरांनी पाठ थोपटली. मुलगी घरी आली ती उड्या मारतच. मावशीने दार लावून घेतलं आणि तिला खाटेवर बसवलं.

"झालं ना तुझं सगळं? आता कुणी परत देणार नाही?"

"नाही गं, झालं!"

"मग विचार मला. गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली?"

"आई, सराव संपला आता."

"म्हणूनच सांगतेय."

मुलगी आधी हसली. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. ती उठली, आईचा हात वर करून तिने काखेखाली बोटं लावली. शिकवलं होतं तसं, बोटं सपाट ठेवून, हळू. मावशी तिच्या तोंडाकडे बघत होती. तिला दुसरा कुठला रिपोर्ट लागलाच नाही.

"कधीपासून?"

"सांगितलं होतं की. थंडी सरत आली होती तेव्हा."

मंगळवार येण्याची वाट बघावी लागली नाही. मुलीच्या अंगात पांढरा कोट होता, खिडकीतला माणूस उठून उभा राहिला. बाकांवर बायका बसल्या होत्या. त्यांच्या समोरून जाताना मावशीने मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच घातली असेल. आत एक तरुण डॉक्टर होता, मुलीच्याच कॉलेजातून नुकताच पुढे गेलेला. त्याने तपासलं, कागद ओढला आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, "मावशी, इतके दिवस का थांबलात?"

"तो प्रश्न विचारू नकोस," मुलगी म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

"विचारू दे गं त्याला," मावशी म्हणाली. "मला पाठ आहे." आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "पाच. लिही. आले होते, परत पाठवलं." मग म्हणाली, "आणि दोन पण लिही, घरची जबाबदारी. पण ते हिच्यासमोर नको."

मुलगी परीक्षेला बसली. मावशीने बसवली, दवाखान्याच्या खाटेवरून शिव्या देऊन बसवली. निकाल लागला तेव्हा मावशी नव्हती. कटरवाला दुकान बंद करून आला होता. त्याने मुलीच्या हातात मेण लावलेल्या दोऱ्याचं एक रीळ ठेवलं आणि निघून गेला.

प्रबंध कॉलेजच्या लायब्ररीत आहे. सरांनी तो कुठल्याशा परिषदेत वाचला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीची वेळ आजही तीच आहे.

मुलगी आता त्याच दवाखान्यात काम करते. मंगळवारी फळी ओढली गेली की बाहेर येते आणि राहिलेल्या बायकांना मागच्या दाराने आत घेते. त्यावरून तिला वर बोलावतात, झापतात. ती ऐकून घेते, पुढच्या मंगळवारी पुन्हा घेते. उशीर का केला हे ती कुणाला विचारत नाही. एवढंच विचारते, "मावशी, याआधी कधी आला होतात का इथे?" आणि उत्तर येईपर्यंत कागदाकडे बघत नाही.