हसनचाचांची परात

महाडच्या सांस्कृतिक जीवनात इटालियन भाषेने एक स्वतंत्र दालन उघडले आहे. हे दालन भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर आहे आणि तिथे परातीभोवती मांडी घालून बसावे लागते. परातीत कणीक असते.

तुडीलचे हसनचाचा वीस वर्षे इटालियन जहाजांवर स्वयंपाकी होते. व्याकरणाचे पुस्तक त्यांनी कधी उघडले नव्हते. भाषा शिकले ती शिव्या खात. त्यांच्या शिकवण्यात शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला कणकेचा एक गोळा, आणि ज्या तुकड्यावर जोर, तो गोळा मोठा. पा-ता-ता म्हणजे बटाटा : लहान, मोठा, लहान.

"वजन बहुतेक शेवटून दुसऱ्यावर," ते सांगत. "एसटीत शहाणा माणूस बसतो तसं. अगदी मागं बसलास तर आंबेनळी घाटात कंबर मोडते."

जोडाक्षर फोडायचे असले की त्यांच्यातला गावचा पंच जागा होई. "पाल्ला म्हणजे चेंडू. दोन ल हायत. एक ह्याला, एक त्याला. सख्खे भाऊ हायत, कोर्टात जायचं नाय." शब्द घडवण्याचे प्रकरण याहून लहान होते : "मागं एरिया चिकटवा, दुकान झालं. जेलातो आइस्क्रीम, जेलातेरिया त्याचं दुकान."

मी एकदा विचारले, "मग तेलेफोनोत जोर शेवटून तिसऱ्या 'ले'वर कसा?"

"तो गोळा मोठा कर आणि गप बस."

धडा संपला की चाची त्याच गोळ्यांच्या चपात्या लाटत. त्यामुळे लांब शब्द जेवणाच्या वेळेला येत.

वर्गातली पोलादपूरची सुजाता नर्स होती. इटलीतल्या एका वृद्धाश्रमात तिची नोकरी ठरली होती, मुंबईतली तोंडी परीक्षा पास झाली तर. एकदा ती नापास झालेली. ही शेवटची संधी. अडचण एवढीच की बोटांत कणीक असल्याशिवाय तिची जीभ वळत नसे. म्हणून परीक्षेला चाचा स्वतः कणकेचा डबा घेऊन निघाले. मीही गेलो, कारण जगभर फिरलेला हा माणूस दादरला चुकतो, असे चाचींचे म्हणणे.

दारावरच्या रखवालदाराने डबा उघडला. "खायच्या वस्तू आत नेता येणार नाहीत."

"खायचं नाय हो, बोलायचं हाय," चाचा म्हणाले.

डबा बाहेरच राहिला. सुजाता पायरीवर थांबली. "चाचा, मी नाय जात आत."

"जा गो. बसमध्ये सराव केलास ना, बोटांना चिकटलंय तेवढं पुरं."

आत परीक्षक बाईंनी पहिलाच प्रश्न बोटांबद्दल विचारला. सुजाताने परात, गोळे, चाची, रखवालदार, सगळे इटालियनमध्ये सांगितले. दुसऱ्या प्रश्नाला वेळच उरला नाही. ती पास झाली.

त्यानंतर चाचा 'माझी पद्धत' असा शब्द वापरू लागले. माळ्याच्या दारावर सोनेरी अक्षरांची पाटी लागली.

इटलीहून तिचा पहिला फोन आला, तेव्हा चाचांनी सगळ्यांना गप्प केले आणि फोनचा आवाज मोठा ठेवला. "बोल पोरी. आपलं इटालियन चालतंय ना तिकडं?"

"चाचा, इथले म्हातारे त्यांच्या गावची बोलीच बोलतात. तीच शिकत्येय सध्या. इटालियन फक्त डॉक्टर बोलतात."

"मग त्यांच्याशी बोल रोज."

"ते बुधवारी येतात."