अकरा रडके चेहरे

"सर्वेवाल्याले सुख सांगू नोको, नाव कटते."

हे वाक्य म्हणताना मावशी आवाज खाली आणायची आणि दोन बोटांची कात्री करून हवेत एकदा चालवायची. आंधळगावात तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. म्हणून मीही तेच म्हणायची.

यामागे अनुभव होता. एकदा घरकुलाच्या यादीसाठी चौकशीला माणूस आला. दोनच दिवसांपूर्वी घराला चुना दिलेला. मावशीने हौसेने त्याला आतपर्यंत फिरवून घर दाखवलं. "छान ठेवलंय," म्हणून तो गेला आणि यादीतून हिचं नावही गेलं. तेव्हापासून सर्वे म्हटला की टीव्हीवर गोधडी पडायची, नवऱ्याची मोटारसायकल शेजारच्या गोठ्यात जायची आणि मावशी स्वतः कमरेत जरा वाकायची. हसू नका. रेशनकार्डाच्या चौकशीला कोणी आलं की तुमच्याआमच्या घरातलंही बरंच काही पडद्याआड जातं.

मी तेव्हा भंडाऱ्याच्या एका संस्थेत होते. सिकलसेलच्या रुग्णांना गावातून जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं आणि औषध देऊन परत आणायचं, हे आमचं काम. ते करायच्या गावातल्याच अकरा बायका, सगळ्या विनामोबदला. दर सोमवारी आंधळगावहून संस्थेची जीप निघायची. पुढच्या सीटवर मावशी, मांडीवर फायलींची पिशवी, पायाशी पाण्याची कॅन. या आजारात अंगातलं पाणी कमी झालं की हाडं ठणकतात. एखादी पोर कळ येऊन रडायला लागली की मावशी पेला पुढे करायची. "पहिले पाणी पी, मंग रड."

रांगेत कोणी मध्ये घुसला तर ती भांडायची नाही. त्याचा हात धरून त्याला बाजूला करायची आणि वर विचारायची, "घरी सगळे बरे आहेत ना, भाऊ?" तो बिचारा ओशाळून मागे जाऊन उभा राहायचा.

रुग्णांत गीता नावाची गावातली एक नवी सून होती. कळ सुरू झाली की ती मावशीशिवाय कोणाबरोबर गाडीत बसायची नाही. माहेरची माणसं आली तरी नाही.

एके दिवशी नागपूरच्या मुख्य ऑफिसने ठरवलं की स्वयंसेवक आपल्या कामात किती समाधानी आहेत, ते मोजायचं. फॉर्म आले. बारा प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नापुढे पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. पटेल त्या चेहऱ्यावर खूण करायची. भरताना माझ्यासारख्यांनी जवळ थांबायचं नाही, असा नियम होता. म्हणून विहाराच्या सभागृहात फॉर्म वाटून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आतून मावशीचा प्रश्न वाचण्याचा आवाज थोडा वेळ आला, मग बंद झाला. दहा मिनिटांत पाकीट चिकटवून माझ्या हातात. किती पटकन केलंत, म्हणून मी वर शाबासकीही दिली.

पंधरा दिवसांनी नागपूरहून साहेबांचा फोन आला. अकराच्या अकरा जणींनी बाराही प्रश्नांना रडका चेहरा दिला होता. "मॅडम, लोक इतके नाराज असतील तर जबरदस्ती कशाला? जीप दुसऱ्या तालुक्याला देऊ. पुढच्या आठवड्यात येतो, मग ठरवू."

मी तशीच आंधळगावला गेले. मावशी अंगणात धान पाखडत होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला.

"जयभीम मॅडम. मंजूर झाली का दुसरी गाडी?"

"कोणती दुसरी गाडी?"

"रडकं तोंड केलं ना आमी. म्या सगळ्याईले सांगतलं, हसरं कराल तं म्हणतीन याईचं बरं चाललं आहे, अन् आहे ते बी कटन."

माझं डोकंच फिरलं. "आहे ती गाडीच जातेय, मावशी. तुमच्यामुळे जातेय," मी म्हणाले. अंगणात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. आजही ते आठवलं की माझी मला लाज वाटते. तिची कात्री मी शंभरदा पाहिली होती. फॉर्म वाटताना दोन वाक्यं समजावून सांगायला मला काय झालं होतं?

मावशी सूप हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "मंग सोमवारी गीता कशी जाईन?"

साहेब आले त्या दिवशी त्यांनी विहारात तेच पाच चेहरे मोठ्या कागदावर लावले. एकेक बाई उठत होती आणि त्यातल्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून खाली बसत होती. पाचवी बसली तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"पंधरा दिवसांपूर्वी रडत होत्या, आज हसताहेत. कोणी शिकवलं?"

ते माझ्याकडे पाहत होते.

मावशी उठली. "मॅडमकडे नोका पाहू, साहेब. चूक माही आहे." आणि तिने सगळं सांगितलं. चुन्याच्या भिंती, कटलेलं नाव, गोधडीखालचा टीव्ही, काही लपवलं नाही. दोघी-तिघी पदराआड हसल्या. साहेबही जरा सैल झाले. मला वाटलं, निभावलं.

"ठीक आहे," ते म्हणाले, "आता तुम्ही खरं सांगा. यातला तुमचा चेहरा कोणता?"

एक बोट ठेवायचं होतं, शेवटच्या चेहऱ्यावर. मी डोळ्यांनी तिला खुणावत होते. मावशीने बोट नेलं आणि ते कागदाच्या वरच थांबलं.

"खरं सांगू? सकाळी उठतो तं गुडघा धरते, तवा हा रडका. रांगेत हा मधला. साऱ्याईले घरी पोचवून दिलं का हा हसरा. अन् गेल्या वर्षी एक पोट्टी गाडीतच गेली, माह्या मांडीवर. त्या दिवसाचं तोंड यात नाही."

"कोणता तरी एक सांगा, मावशी. सरासरी. तुम्ही समाधानी आहात की नाही?"

"नाही," मावशी म्हणाली. "समाधान झालं असतं तं घरी बसली असती ना, बापा."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. ते वाईट नव्हते. पण ऑफिसला आकडा हवा होता आणि या उत्तराचा आकडा होत नव्हता. पुढच्या महिन्यात जीप गेली, माझी बदली झाली.

निघताना मी भेटायला गेले. मावशी म्हणाली, "खोटं बोलली तवा बी कटलं, खरं बोलली तवा बी कटलं." मला तिचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत.

मग ती सकाळच्या एसटीने जायला लागली. कळ आलेल्या माणसाला उभ्याने नेता येत नाही, त्यामुळे जागा मिळेल तशी एकेकाला, फार तर दोघांना. मागे कोण राहिलं त्याची टोचणी तिला असायची. फोनवर ती तेवढंच बोलायची.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. जलदान विधीला मी आंधळगावला पोचले तेव्हा विहार भरलेला होता. वंदना सुरू झाली होती. मी बायकांमध्ये ओळखीचे चेहरे शोधले. गीता दिसली नाही, आणखी दोघीही नव्हत्या. मला फार लागलं ते. मावशीच्या विधीलाही यांना वेळ नसावा?

गीताचा नवरा दाराशी चपला सरळ करत होता. त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"आज सोमवार आहे ना, मॅडम," तो म्हणाला. "पाच पेशंट होते. तिघी वाटून घेऊन गेल्या एसटीनं. फायली गीताजवळ आहेत."

आत वंदना चालूच होती. मी घड्याळ पाहिलं. साडेदहा झाले होते. एव्हाना त्या रांगेत उभ्या असतील.