डावा खिसा, उजवा खिसा

गेलेल्या माणसावर लेख म्हटल्यावर तुमी रुमाल घेऊन बसला असाल. मामा देवमाणूस व्हता, कदी कुणाला घाबरला नाय, असं मी आता लिहीन, असंच वाटलं ना? मग ऐका. आमचा मामा आमच्या आळे गावातला सगळ्यात घाबरट माणूस व्हता. आन् त्यो गेल्यापासनं ती समदी भीती माझ्या वाट्याला आलीय.

बातमी आली तवा मी आळेफाट्यावर टपरीपुढं मामाचाच आवाज काढत व्हतो. मला गावातल्या लई जणांचे आवाज येतात, पण मामाला मागणी जास्त. मान आखडायची, छातीवर हात ठेवायचा आन् म्हणायचं, "दर वाढला का रं?" पोरं खिदळत व्हती, तेवढ्यात मामीचा फोन... नर्सरीत ट्रे भरता भरता मामा खाली बसला, त्यो उठलाच नाय. पोरं हसतच व्हती. त्यांना वाटलं, माझं पडलेलं तोंडपण नक्कलच हाय.

मामाची भाजीच्या रोपांची नर्सरी. टोमॅटो, फ्लावर, मिरची. त्याला पोरबाळ नाय, मी लहानपणापासनं त्याच्याकडंच वाढलो. पिंपळवंडीच्या टेलरकडनं त्यो सदऱ्याला छातीवर दोन खिसे शिवून घ्यायचा. डावा नर्सरीचा, उजवा घरचा. ह्यातलं त्यात कदी नाय. कुणी आलं की पयला सवाल, "पावणं, रोपांचं बोलायला आलाय का घरचं?" पावणा बुचकळ्यात पडायचा. मामाला फक्त चा कुठल्या खिशातनं सांगायचा तेवढं ठरवायचं असायचं. एकदा एक जण मिरचीची रोपं बघता बघता माझ्यासाठी स्थळ सांगायला लागला, तर मामानं दोन्ही खिशांतनं निम्मे निम्मे पैसे काढले.

शेडनेटसाठी कर्ज काढलं आन् भीती घरात मुक्कामाला आली. टीव्हीवर व्याजदराची बातमी लागली की मामा उभा राहून बघायचा. मी मागनं बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज काढायचो, "आणि आता ठळक बातमी, आळ्यात एक इसम घामाघूम!" मामी हसायची. मामा नाय. मधे दर वाढत गेले, पण आमचा हप्ता तेवढाच कापला जायचा. मी म्हणलं, "मामा, झोप आता. हप्ता तोच हाय."

"साप दिसंना म्हंजे घरातनं गेला व्हय रं?"

सकाळी मला घेऊन बँकेत. साहेबानं कॉम्प्युटरमधे बघून सांगितलं, हप्ता तोच ठेवलाय, मुदत लांबलीय. मामाच्या म्हातारपणात पार आतपर्यंत हप्ते शिरले व्हते, आन् आमाला पत्ताच नाय... मामानं डावा खिसा हातानं दाबून धरला. तिथंच त्यानं हप्ता वाढवून घेतला. पुढं दर उतरले, तरी कमी केला नाय. म्हणायचा, "माळशेज घाट उतरताना ब्रेकवरला पाय काढतं का कुणी?" उजव्या खिशातल्या पैशाच्या ठेवीपण त्यो अशा ठेवायचा की एक आदी संपंल, एक मागनं. "समदे ट्रे एकाच दिवशी पेरतो का आपण? गारा पडल्या तर एकच लॉट जातो." लोक ह्याला हसायचे. मी जास्त हसायचो.

आता महिना व्हत आला. बँकेचा मेसेज वाजला की मी हातातलं काम टाकतो. आदी फोन पालथा ठेवतो, मग आपसूक हात छातीवर जातो... ही नक्कल नाय.

गेल्या आठवड्यात कोकोपीटवाला आला. रोपं ज्याच्यात वाढवतो त्यो नारळाचा भुसा. पुरी गाडी रोखीनं घेतली तर भाव कमी. डाव्या खिशात निम्म्या गाडीपुरतंच, कारण उधार गेलेल्या रोपांचे पैसे शेतकऱ्याचा टोमॅटो बाजारात गेल्यावरच येणार. आन् नेमकी मामीच्या नावची एक ठेव संपलेली. मामी कपबशा आवरता आवरता म्हणाली, "घे रं त्यातनं. दर उतरलेत, परत ठेवून काय मिळणार? धंद्यात घाल." कोकोपीटवाला मान डोलवायला लागला. भाव खरंच चांगला व्हता. पण टोमॅटोचा भाव पडला तर? उधारी बुडली तर? त्या ठेवीवर मामीचं दवापाणी हाय, म्हातारपण हाय. नको म्हणायला गेलो तर आवाजच फुटंना. समोर खांबाला मामाचा सदरा लटकत व्हता, मामी त्यो अजून धुवू देत नाय. त्याच्याकडं बघितलं आन् माझ्या घशातनं मामाच बोलला, "कारभारणी... ह्यो पैसा कुठल्या खिशातला?"

मामीच्या हातातल्या कपबशा खळखळल्या. कोकोपीटवाला ताडकन उठला. मामीनं आदी सदऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मुडद्या! गेलेल्या माणसाचा आवाज काढतोस? जीभ झडंल तुजी! आत्ता माजा जीव गेला असता म्हंजे बसला असतास परत दहावं घालत! निम्मीच गाडी घे, झेपंल तेवढी. आन् आता डोळं काय पुसतोस? ह्या पावण्यानं चा पिला, त्याचे पैसे कुठल्या खिशातनं देणार, ते सांग पयलं!"