कानबाईआधीची झाडाझुड

पसारा दिसला की माझ्या हातांना स्वस्थ बसवत नाही. लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले तेव्हा टीव्ही घरोघरी पोचायचा होता आणि आमचा गॅसचा नंबरही लागायचा होता. दोन खोल्या, माणसं तीन: मी, नवरा आणि सासूबाई. पण खरी मालकी सामानाचीच. डालड्याचे रिकामे डबे, फाटक्या गोधड्या, पोती, झाकण हरवलेल्या बरण्या, बंद पडलेला स्टो. चालताना अंग चोरायचं, झोपताना गुडघे पोटाशी घ्यायचे. काही टाकायला काढलं की सासूबाई ते गुपचूप परत जागेवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘राहू दे वं, कामे पडी.’ मला रात्री झोप लागेना. छातीवर ती सगळी पोती ठेवल्यासारखं वाटायचं.

लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात कानबाई यायची होती. आमच्या खानदेशात देवी बसण्याआधी घर कोपऱ्याकोपऱ्यातून धुऊन काढतात आणि त्या दिवसांत अडगळ बाहेर काढणाऱ्या बाईला कोणी अडवत नाही. नेमक्या तेव्हाच सासूबाई आजारी बहिणीला बघायला एरंडोलला गेल्या. मला तर रानच मोकळं मिळालं.

दोन दिवस मी पदर खोचून राबले. पोती भंगारवाल्याला, चिंध्या बोहारणीला. माळ्यावरचा एकेक डबा खाली घेतला. प्रत्येकात गाठोडं, गाठोड्यात पुरचुंडी: फुटक्या बांगड्या, कसलंसं बी, औषधाचे रिकामे कागद. पहिल्या काही गाठी सोडून बघितल्या. मग सोडायचाही कंटाळा आला. एका डब्यात विटक्या खणात घट्ट बांधलेला नारळ लागला. हलवला, आत खडखडलं. खवट झाला असणार, म्हणून तसाच बंबात घातला. काय सुरेख पेटला! त्या पाण्याने मी डोक्यावरून न्हाले.

संध्याकाळी कपडे बदलून नुसती फरशीवर आडवी झाले, पाय लांब करून. खिडकीतून वारा सरळ दारापर्यंत जात होता. लग्नानंतर पहिल्यांदाच मला या घरात पुरता श्वास आला. नवराही येऊन शेजारी टेकला आणि म्हणाला, ‘आपली खोली एवढी मोठी आहे होय?’

शनिवारी सासूबाई परतल्या. मोकळ्या घरातून एक फेरी मारली. मग माळ्याकडे बघितलं. ‘तठे एक डबा व्हता. कानबाईनं नारय व्हतं त्यामा.’

माझ्या माहेरी दर साली बाजारातून नवा नारळ आणायचे. इथे पिढ्यान्‌पिढ्या तोच, जुना, देवी म्हणून पुजलेला, आणि थोरल्या घराकडे, म्हणजे आमच्याकडे, सांभाळायला दिलेला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. ‘बंबात घातला,’ मी म्हणाले.

त्या बंबापाशीच खाली बसल्या. मला वाटलं, आता माहेरची वाट धरायची. रात्रभर मी कूस बदलत होते. सकाळी बारा घरचे भाऊबंद येणार. कानबाईच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. एक जरी न जेवता उठून गेला, तरी भाऊबंदकीत कायमची फट पडते.

सकाळी चौरंगावर नवा नारळ होता. त्याला डोळे लावलेले, नथ घातलेली. माझे चुलत सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, वाकून बघतच राहिले. ‘हाई तं नवं शे.’

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई पुढे झाल्या. ‘जुनाले कीड लागनी. मीच काढी टाकं, नवं लई उनू. काय बोलनं शे ते माले बोला, आबा.’

आबा उठून ओट्यावर जाऊन बसले. ताटं वाढून झाली तरी आत येईनात. सासूबाई दाराशी उभ्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. अख्खी हयात त्यांनी ती देवी सांभाळली होती आणि आज सगळ्या घरांसमोर निष्काळजी ठरल्या, माझ्यासाठी. तासाभराने आबा आले आणि मुकाट्याने पानावर बसले. मी चुलीकडे तोंड फिरवलं.

मंगळवारी पाहुणे पांगल्यावर सासूबाईंनी खाटेखालची स्वतःची पेटी ओढून माझ्यापुढे ठेवली. तिला मी हात लावला नव्हता. कुलूप होतं म्हणून. त्यांनी ते उघडलं. ‘हाई बी मोकळी करी टाक. तुले जागा जोयजे ना.’

त्यात टोमणा नव्हता. तेच मला सोसवेना.

वर सासऱ्यांचा एका काडीचा चष्मा. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याखाली एक टोपडं, माझ्या नवऱ्याच्या आधी सासूबाईंना झालेल्या मुलीचं. ती दीड महिना जगली, हे मला त्या दिवशी कळलं. सासूबाई एकेक वस्तू काढून माझ्या हातात देत होत्या आणि शांतपणे सांगत होत्या, टाक.

‘अक्का, राहू द्या हे,’ मी सासूबाईंना म्हणाले.

‘कसाले? जुनं शे.’

‘राहू द्या.’

त्या टोपडं माझ्याकडे सरकवायच्या, मी त्यांच्याकडे. शेवटी मीच ते घडी घालून पेटीत ठेवलं आणि पेटी खाटेखाली ढकलली. त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. घ्यायला माझा हात पुढे होईना.