गरम हातांचं वर्ष

"दोन्ही हात पुढे करा. बोटं पसरा." यवतमाळच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मी हात पुढे केले. त्यांनी टेबलावरचा कोरा केसपेपर उचलला आणि अलगद माझ्या बोटांवर ठेवला. खोलीतला पंखा बंद होता. तरी कागद थरथरत राहिला. मी हात ताठ धरले, दात आवळले. तो थांबेना.

त्यांनी माझ्या गळ्यावरून बोटं फिरवली, पाणी गिळायला लावलं, डोळ्यांत पाहिलं. मग माझ्या मालकांकडे वळून म्हणाले, "थायरोटॉक्सिकोसिस."

तो शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. तेव्हा त्यांनी समजावलं. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड नावाची ग्रंथी असते. अंगातली सगळी कामं कोणत्या वेगानं चालायची, ते तिचा रस ठरवतो. माझ्या अंगात तो रस फार तयार होत होता. म्हणून छाती धडधडते, हात थरथरतात, कितीही खाल्लं तरी वजन उतरतं, थंडीतही घाम येतो.

मग त्यांनी विचारलं, "घरात चिडचिड फार होते का?"

मालकांनी खाली पाहिलं. मी रडायला लागले. आठ महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी नुसतं सुनावलं होतं.

हे महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीचं. माझे मालक वणीजवळ राजूरच्या कोळसा खाणीत हजेरी कारकून. क्वार्टरमध्ये आम्ही चौघं: आम्ही दोघं, सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि आठ वर्षांची निर्मला. मी सातवी शिकलेली. कॉलनीत माझी एकच ख्याती, नानकटाई. ओव्हन कुणाकडे होता? जाड पितळी पातेल्यात रेती तापवायची, आत ताटली ठेवायची, वर झाकण आणि झाकणावर निखारे. कोळशाला आमच्याकडे तोटा नव्हता. खरी मेहनत तूप फेटण्याची. परातीत तळहातानं फेटत राहायचं, पांढरं लोण्यासारखं होईस्तोवर. त्याला हात थंड लागतो. माझा हात उन्हाळ्यातही थंड असायचा.

त्या संक्रांतीला तूप फेटायला बसले आणि ते हाताखाली पातळ होऊ लागलं. मैदा वाढवला. गोळे वळले तर तळहाताला चिकटून राहिले. भाजल्यावर सगळ्या नानकटाया ताटलीभर पसरून एक झाल्या. मला वाटलं, तूपच वाईट. आणणाऱ्या मालकांना बोलले. दुसऱ्यांदा केल्या, तेच. निर्मला मागून डोकावली आणि हसून म्हणाली, "माय, ह्या तं पापड झाल्या वं!"

मी तुपाच्या हातानं तिला मारलं. एकदा नाही. आत्याबाईंनी मधे पडून पोरीला ओढून नेलं. तिच्या गालावर मैदा लागला होता. मी पुन्हा परातीशी बसले आणि तिसऱ्यांदा तूप फेटू लागले. ते आठवलं की आजही बसवत नाही.

पुढं दिवस कसे गेले ते सांगणं अवघड आहे. मी थांबतच नव्हते. घासलेली भांडी पुन्हा घासायची. चार भाकरी खाऊन तासाभरात डबे धुंडाळायची. अंगावर पांघरूण सहन होईना. झोपले की कानात ठोके ऐकू यायचे, म्हणून उठून अंगण झाडायची. आत्याबाई शेजारणीला म्हणायच्या, "हिले काही तरी लागलं व. अशी नव्हती बाप्पा हे." त्यांनी गंडा आणून बांधला. खाणीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं अशक्तपणा म्हणून लाल औषध दिलं. चोळ्या ढिल्या होत गेल्या.

आजार ओळखला तो खाणीच्या मॅनेजरच्या बंगल्यावर, त्यांच्या पत्नी सेनबाईंनी. बंगाली बाई, माझ्याकडून नानकटाई शिकायला बोलावलं होतं. त्यांनी परातीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्हारी आँखें ऐसी कब से हैं?" त्यांच्या बहिणीचेही डोळे असेच बाहेर आल्यासारखे दिसत, तिला हेच झालेलं. त्यांनी मालकांना बोलावून सांगितलं, उद्याच्या उद्या यवतमाळ गाठा. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही एस.टी.नं निघालो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ग्रंथीचा जोर कमी करणाऱ्या. दोन-अडीच महिने त्या घ्यायच्या, मग ऑपरेशन, ग्रंथीचा बराचसा भाग काढून टाकायचा. नाडी उतरल्याशिवाय चाकू लावता येत नाही. तोवर पूर्ण विश्रांती.

ज्यांना हा आजार होईल त्यांना सांगते, सगळ्यात कठीण औषध हेच. पडून राहा म्हटलं की अंगातून मुंग्या धावतात. मी छताचे पत्रे मोजायची, खिळे मोजायची, उठायची, आत्याबाई ओरडल्या की पडायची.

सेनबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी मला बंगल्यावर नेलं आणि रॉकेलवर चालणारं पांढरं कपाट उघडून दाखवलं. त्याला त्या फ्रीज म्हणत. वरच्या कप्प्यात बर्फाशेजारी मेणकागदात गुंडाळलेली, लाटण्यासारखी लांब वळी होती. बिस्किटाचं मळलेलं पीठ. पाहुणे आले की त्या सुरीनं चकत्या कापत आणि भाजत. महिनाभर टिकतं म्हणाल्या. "एक साथ क्यों करती हो? सुबह ठंडे में थोड़ा करो, इधर रख दो. सेंकना बाद में."

मला ते पटेना. नानकटाईचं पीठ शिळं करायचं? पण करून पाहिलं. पहाटे तूप कडक असे. वाटीभर तूप, तेही हातानं नाही, लाकडी चमच्यानं फेटायचं. पिठीसाखर, मैदा, मूठभर रवा, वेलची. वळी करून कागदात गुंडाळायची आणि बंगल्यावर पोचवायची. पाऊण तासात काम संपे, आणि विशेष म्हणजे संपल्यावर दुसरं करण्यासारखं काही उरत नसे. चार दिवसांनी चकत्या कापून भाजल्या. कडा उभ्या राहिल्या. पसरल्या नाहीत. माझा गरम हात त्यांना लागलाच नव्हता.

ऑपरेशन दिवाळीच्या सुमारास ठरलं. दवाखान्यात तीन आठवडे आधी जायचं होतं. जायच्या आधीच्या पंधरवड्यात मी सहा वळ्या केल्या. सेनबाईंनी बर्फाचे ट्रे काढून जागा करून दिली. मी निर्मलेला समोर बसवून शिकवलं, चकती किती जाड, रेती किती तापली की ताटली ठेवायची, निखारे कधी काढायचे. ती सगळं ऐकत होती, पण हातभर लांब बसून. सरकून जवळ ये म्हटलं की सरकायची, बोटभर.

आत्याबाई दारातून पाहत होत्या. रात्रीच्या जेवणाला मला म्हणाल्या, "सहा कायले करून राह्यली? तू का मराले चालली का?"

मी म्हटलं, "दिवाळी हाय ना आत्याबाई. लेकरू खाईन."

"तू येशीन आन् करशीन," त्या म्हणाल्या, आणि ताटावरून उठून गेल्या. त्यांना खरं ते कळलं होतं.

दवाखान्यात रोज झोपेत नाडी मोजत. जागेपणी मोजली तर भीतीनंच वाढते, म्हणून. सकाळी मी सिस्टरला विचारायची, किती? एकशे आठ. एकशे चार. सर्जन नागपूरहून येत, तेही ठराविक दिवशीच. पहिल्या वेळी नाडी उतरली नव्हती, ते पुढच्या खाटेकडे गेले. दुसऱ्या वेळी नाडी बरी होती, तर मला सर्दी झाली. इथरची भूल सर्दीत देत नाहीत. मी दिवसभर मनगट धरून स्वतःच ठोके मोजू लागले. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "ते आमचं काम. तुम्ही मोजलं की वाढते."

दुधातून आयोडिनचे थेंब सुरू झाले. त्यानं ग्रंथीतलं रक्त कमी होतं, ऑपरेशन सोपं जातं. तोंडाला लोखंडासारखी चव. दिवाळी गेली. व्हरांड्यातून फटाके ऐकले.

एकदा मी डॉक्टरांना धीर करून विचारलं, "मी पोरीले मारलं होतं. तेही ह्या रोगानंच का?"

त्यांनी केसपेपर खाली ठेवला. "असू शकतं," म्हणाले. "या आजारात माणसाचा ताबा सुटतो. तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका."

त्या दिवशी मला गाढ झोप लागली. नाडी अठ्ठ्याऐंशीवर आली.

रविवारी मालक आले. हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. म्हणाले, "पोट्टीनं भाजल्या. पयल्या खेपेले जळल्या, बर्फातून काढल्या तश्याच टाकल्या तिनं. मंग आईनं सांगितलं, जरासा गारठा जाऊ दे. ह्या दुसऱ्या हायेत."

मी एक तोंडात घातली. खालून करपलेली, मधे किंचित ओलसर. मी दुसरी घेतली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला एक दिली, सिस्टरला एक. तेवढ्यात मालक डब्याचं झाकण लावता लावता म्हणाले, "इचारत होती. मायचा हात अजून गरम हाय का म्हणे."

त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं. मी त्यांच्या हातातून डबा घेऊन उशाशी ठेवला.

तिसऱ्या वेळी सर्जननी होकार दिला. तोंडावर जाळी, इथरचा उग्र गोड वास, आकडे म्हणायला सांगितले, सातापर्यंत म्हटल्याचं आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा गळ्याभोवती पट्ट्या आणि मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. सर्जन वाकून म्हणाले, "बोला काहीतरी. नाव सांगा." ग्रंथीमागूनच आवाजाची नस जाते. तिला धक्का लागला का, ते त्यांना पाहायचं होतं.

"वत्सला," मी म्हटलं. कुजबुज निघाली, पण निघाली. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

दहाव्या दिवशी टाके निघाले. आवाज यायला तीन महिने लागतील म्हणाले. घरी आले ती कुजबुजतच. आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि मला उंबऱ्यातच जवळ घेतलं. त्यांनी मला याआधी कधी जवळ घेतलं नव्हतं.

सेनबाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी माझे डोळे पाहिले नसते, तर मी गंडे बांधत राहिले असते. आणि हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, घरातली बाई एकाएकी बदलली, वाळली, तापट झाली, तर तिला नावं ठेवण्याआधी डॉक्टरकडे न्या. आणि जी आजारी आहे तिला आणखी एक सांगायचं आहे. ते मला माझ्या मुलीनं शिकवलं.

घरी येऊन आठवडा झाला असेल. निर्मला शाळेला निघाली होती. मी तिला हाक मारली, म्हणजे हातानं बोलावलं. ती आली, हातभर लांब उभी राहिली.

मी तिला कुजबुजत सांगितलं, "तवा तुले मारलं ना, ते माह्या रोगानं मारलं. डॉक्टर म्हणाले. आता तो रोग कापून टाकला."

तिनं दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "मंग आता मारशीन तं ते कोणं मारलं म्हणाचं?"

डॉक्टरांचं वाक्य मी महिनाभर उशाशी घेऊन झोपले होते. पोरीनं ते एका दमात काढून घेतलं. मला खोटं बोलता आलं असतं. आवाज नाही म्हणून टाळताही आलं असतं.

"मी," मी म्हटलं. "तवाही मीच मारलं होतं, निर्मला. चुकलं माह्यं."

बाहेर तिच्या मैत्रिणी हाका मारत होत्या. त्या संक्रांतीपासून ती आजीकडूनच वेणी घालून घेत असे, आणि आजीला त्या दिवशी उशीर झाला होता. तिनं फडताळावरून कंगवा आणला, माझ्या मांडीवर टाकला आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"जोरात ओढू नको," म्हणाली.