टांगलेली नळी

"हे बंदुकीचं आहे का?" ग्रेगने विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं. "सध्या नुसते दोन पाइप आहेत."

ग्रेग माझा बॉस. त्याने माझ्या टेबलावरच्या दोन अष्टकोनी नळ्यांकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या रेकडे. रे आमच्या लॅबसाठी फिक्स्चर बनवायचा, म्हणजे टेस्टच्या वेळी पार्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चौकटी. त्याच्या हातात अशी सफाई होती की ग्रेगला त्याला नाही म्हणता येत नसे. "लंचमध्ये उरका. आणि मला काही माहीत नाही," एवढं बोलून तो गेला.

ही गोष्ट अमेरिकेतल्या नोव्हाय गावची, दोन हजार सहाच्या थंडीतली. मी एनव्हीएच इंजिनियर. गाडीतली खरखर, घरघर, थरथर कुठून येते ते शोधायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. बंदुकीशी माझा संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पुढे कधी गेला नव्हता.

रे फावल्या वेळात ठासणीच्या बंदुका बनवायचा. या बंदुकीत तोंडाकडून दारू आणि गोळी ठासतात. नळीचं मागचं टोक पोलादी बुचाने बंद असतं आणि दारू पेटते ती तिथेच, नेम धरणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर. त्यामुळे सगळी भिस्त नळीवर. भोक सरळ हवं, बरोबर मध्यभागी हवं आणि पोलादात चीर नको.

एक नळी त्याने विकत आणली होती. दुसरी त्याच्या भावाने, कार्लने, स्वतः बनवलेली. कार्ल आदल्या वर्षी गेला. त्याच्या वर्कशॉपमध्ये ही एकच नळी आढ्याला दोरीने टांगलेली सापडली. आता रे कार्लच्या मुलीसाठी, बेथसाठी, बंदूक बनवत होता. तिला सरप्राइज द्यायचं होतं.

"कार्लचीच बसवायची आहे," रे म्हणाला. "त्याने किती जपून ठेवली होती. आणि विकतच्या नळीपेक्षा छान वाजते. तू फक्त एकदा टेस्ट करून ओके दे."

वाजवून बघण्यात खुळेपणा काही नव्हता. आपणही माठ घेताना टिचकी मारून बघतोच.

आमच्याकडे एक ॲनेकोइक चेंबर होतं. भिंतींना आणि छताला फोमच्या लांब पाचरी, पायाखाली तारांची जाळी, जाळीखाली पुन्हा फोम. बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला कुठेही आपटून परत येत नाही. जाड दार लागलं की कान काहीतरी शोधायला लागतात, आणि थोड्या वेळाने त्यांना आपलंच रक्त वाहताना ऐकू येतं. मी तिथे कितीतरी वर्षं काम केलं, पण दाराकडे पाठ करून बसायला मला कधीच आवडलं नाही.

नळी वाजवायची तर जिथे ती थरथरत नाही अशा दोन जागी टांगावी लागते. या जागा दोन्ही टोकांपासून पाव लांबीच्या जरा अलीकडे येतात. विकतची नळी तशी टांगली आणि छोट्या हातोडीने टोला दिला. स्वच्छ, सरळ आवाज आला आणि हळूहळू विरला.

मग कार्लची घेतली. अंतर मोजून खडूने खूण करायला गेलो आणि हात थांबला. नेमक्या त्याच दोन जागी पोलादावरचा काळा थर दोरीने घासून गेला होता.

"आढ्याला इथेच बांधली होती?"

"हो. का?"

मी टोला दिला. आवाज आला, ओसरला, पुन्हा भरून आला, पुन्हा ओसरला. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा, संथ.

"हेच ते," रे कुजबुजला. "शेवटी शेवटी तो असाच श्वास घ्यायचा."

मला भीती वाटली. अशा आवाजामागचं कारण मला पाठ होतं, तरी वाटली. नळी सगळीकडून सारखी जाड असेल तर एक सूर निघतो. एक बाजू पातळ असेल तर दोन जवळजवळचे सूर निघतात, ते कधी एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना मारतात. म्हणजे कार्लचं ड्रिल आत एका बाजूला सरकलं होतं. हे सगळं मनात म्हणत मी नळी मुठीत धरून गप्प केली. मग जी शांतता झाली ती त्या आवाजापेक्षा वाईट होती.

"एवढ्याने नळी फुटत नाही," रे म्हणाला. ते खरं होतं. पण पातळ बाजूलाच चीर असली तर?

शेजारच्या मेटलर्जी लॅबमध्ये नागपूरचा शिरीष होता. "यार, आता बंदुका पण?" म्हणत त्याने नळीत चुंबकत्व भरलं आणि वरून चमकणारे लोहकण मिसळलेला द्रव ओतला. चिरेपाशी हे कण गोळा होतात. दिवे बंद करून त्याने जांभळा दिवा लावला. मागच्या टोकाजवळ, पातळ बाजूवर, बोटभर लांबीची हिरवी रेघ अंधारात उजळली.

"सीम आहे," शिरीष म्हणाला. "पोलाद लाटतानाच राहून गेलेली चीर. एरवी डोळ्यांना दिसत नाही. पण ही टिंबं कुणी काढलीत? तू?"

रेघेच्या दोन्ही टोकांना पंचने, म्हणजे खुणा करायच्या टोकदार पोलादी खिळ्याने, ठोकलेला एकेक बारीक ठिपका होता.

रेने वाकून पाहिलं. ठिपके गोल नव्हते, चंद्रकोरीसारखे होते. "कार्लचा पंच," तो म्हणाला. "त्याचं टोक तुटलेलं होतं." घरच्या वर्कशॉपमध्ये खडू आणि रॉकेल वापरूनही अशी चीर सापडते, हे शिरीषने नंतर सांगितलं. त्या क्षणी मात्र मला एवढंच वाटलं, की आपण चालतोय त्या वाटेने आपल्या आधी कुणीतरी जाऊन आलंय, आणि पुढे उभं राहून वाट बघतंय.

रेने विकतची नळी बसवली. एप्रिलमध्ये बेथने पहिला बार काढला तेव्हा त्याने मलाही बोलावलं होतं. तिने लाकडाला गाल टेकला. आवाज झाला, धूर झाला, आणि धुरातून तिचा चेहरा हसत बाहेर आला. तोपर्यंत मी श्वास धरून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

मग रेने तिला त्या टांगलेल्या नळीबद्दल विचारलं.

"ती? ती खराब होती," बेथ म्हणाली. "कुणी चुकून वापरू नये म्हणून डॅडने वर टांगली होती. आवाज आवडायचा म्हणून फेकवत नव्हती त्यांना. आम्हाला तर हात लावायचीही बंदी होती. अंकल रे, मला विचारायचं ना."

रे माझ्याकडे बघायला तयार नव्हता. सरप्राइज गिफ्टची ही एक अडचण आहे. ज्याला सगळं माहीत असतं, नेमकं त्यालाच विचारायचं राहून जातं.