शकुनच्या घरचा चहा

मूर्तिजापूरच्या आमच्या गल्लीत कुण्या बाईचं डोकं धरलं, कंबर भरून आली, की ती चतुराबाईच्या ओट्यावर येऊन बसायची. चतुराबाईने बावीस वर्षं शाळेत खिचडी शिजवली होती. ते काम सुटल्यावर तिला हे काम सापडलं. गवती चहाची पाती, ठेचलेलं आलं, चिमूटभर सुंठ. "पी, अन् दहा मिनिटं गुमान बसून राय," एवढंच ती सांगायची. बाया उठताना म्हणायच्या, बरं वाटून राहिलं. ते ऐकायला तिला फार आवडायचं.

मग दोन घरं सोडून शकुन राहायला आली. अकोटची, पस्तिशीची, ब्लाउज शिवणारी. माप द्यायला आलेल्या बायांना ती चहा पाजायची. हळूहळू दुखणाऱ्या कमरा चतुराबाईच्या ओट्यावरून पुढे जाऊ लागल्या. तेही तिने सोसलं असतं. पण एका दुपारी तिचा नवरा शेषराव घरी येऊन म्हणाला, "शकुननं चहा देल्ला. गुडघा कसा हलका झाला."

रेल्वेच्या नोकरीत रुळांवरून चालून झिजलेले ते गुडघे चतुराबाईने दहा वर्षं तेलाने चोळले होते. त्यानंतर रोज चार वाजले की शेषरावचा गुडघा दुखायचा आणि तो शकुनकडे जायचा. चतुराबाई खिडकीत तांदूळ निवडत बसायची. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. तिकडून त्याच्या हसण्याचा आवाज यायचा. आपल्या घरी हा माणूस शेवटचा कधी हसला, ते तिला आठवेना.

शेवटी एक दिवस तिने डोक्याला फडकं बांधलं आणि शकुनचं दार गाठलं.

"डोकं दुखून राहिलं वं," ती म्हणाली. दुखत काहीच नव्हतं.

शकुनने मशीन थांबवलं, तिला खुर्चीवर बसवलं. चहा आला. पहिल्याच घोटाला चतुराबाई थबकली. आलं नाही, सुंठ नाही, नुसता गोड पाक.

"आमच्या यायलेबी असाच देतं का?"

"हो काकू. काका म्हणते, तुमच्या घरी साखर नेहमी संपलेलीच राहते."

"त्यायले शुगर आहे. तीन वर्षं झाली."

शकुनचा चेहरा पांढरा पडला. "मले कोणीच सांगतलं नाही, काकू."

शकुनची चूक सापडली होती. ती गल्लीभर सांगायचीच, असं चतुराबाईने तिथेच ठरवलं. पण कप मात्र तिने खाली ठेवला नाही. नवऱ्याला एकटं वाटू नये म्हणून तिनेही तीन वर्षं साखर सोडली होती. तो चहा तिने तळापर्यंत प्यायला.

घरी आल्यावर तिने शेषरावला विचारलं, "तिले खोटं काहून सांगतलं?"

त्याने गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुया चहासंगं गोळी येते, पथ्य येते. तिच्याकडं मी बिमार नसतो."

त्या वाक्याने तिला शकुनच्या चहापेक्षा जास्त जाळलं. ती उठून मोरीत भांडी घासत बसली, धुतलेलीसुद्धा.

गल्लीत तिने काही सांगितलं नाही. शकुन स्वतःच माफी मागायला आली, तेव्हा चतुराबाईने तिला बसायला पाट दिला, पण फार बोलली नाही. शेषराव आता चारचा चहा घरीच घेतो, बिनसाखरेचा. तो पिताना गोळीचं नाव काढायचं नाही, हे चतुराबाईने स्वतःला बजावलं आहे. कधी कधी तोंडात येतं, ती ओठ मिटते. मागच्या आठवड्यात तो रेल्वेतल्या जुन्या सायबाची नक्कल करताना हसला.

शकुनकडे बायांची गर्दी तशीच आहे. मी एकदा चतुराबाईला विचारलं, आता राग गेला का? ती खिडकीतून त्या दाराकडे पाहत म्हणाली, "राग गेला. पण जळते मी अजून. खोटं कायले बोलू?"